भाजीच्या वाफ्याचं अत्तर: ऐकीव काय, खरं काय

मे महिन्यात ऊन चढायच्या आत मी गच्चीवर जाते. रावेतला मळे कमी होत गेले, इमारती वाढत गेल्या, तशी इथली बाग गच्चीवरच्या क्रेटमध्ये आणि कुंड्यांमध्ये आली. टोमॅटोच्या बगलफुटी खुडायच्या, काकडीच्या वेलाला आधार द्यायचा, मिरचीला पाणी घालायचं. दोन-तीन रोपं खुडून होईपर्यंत बोटांवर हिरवट-पिवळा राप चढतो. साबणाने हात धुतले तरी तो उग्र, हिरवा, किंचित कडवट वास मागे राहतो.

असा वास देणारी अत्तरं मिळतात, हे सांगितलं की सोसायटीतल्या मैत्रिणींना आश्चर्य वाटतं. मग प्रश्न सुरू होतात आणि त्यांत ऐकीव माहिती बरीच असते. नेहमी कानावर येणारे सहा गैरसमज इथे एकेक करून तपासू.

गैरसमज १: अशा अत्तरात भाज्यांचा अर्क असतो.

वस्तुस्थिती: मोगरा, गुलाब, वाळा यांच्यात सुगंधी तेल तयार असतं. काकडीचं तसं नाही. अख्खी काकडी नाकाशी धरा, वास जेमतेम येतो. खमंग काकडीसाठी ती चोचवायला घ्या, स्वयंपाकघर भरून जातं. सुरी लागली की पेशी फुटतात, आतली विकरं स्निग्धाम्लांना भिडतात, हवेतला प्राणवायू मिसळतो आणि काही क्षणांत नोनाडायेनाल नावाचं द्रव्य तयार होतं. काकडीचा ताजा वास तो हाच. गवत कापल्यावर येणारा वासही याच पद्धतीने जन्मतो. काकडी उकळून वास काढू गेलं तर ही विकरं मरतात आणि हाती शिजलेल्या भाजीचा वास येतो.

म्हणून अत्तर बनवणारा हा वास जुळवतो. जिवंत रोपावर काचेचं झाकण ठेवून आतली हवा गोळा करतात, त्या हवेत कोणती द्रव्यं किती आहेत ते यंत्रावर तपासतात आणि मग तीच द्रव्यं प्रमाणात एकत्र आणतात. हे काम चांगल्या स्वयंपाकासारखंच आहे. हात जरा सैल पडला तरी सगळं बिघडतं.

गैरसमज २: टोमॅटोचं अत्तर म्हणजे अंगाला सारासारखा वास येणार.

वस्तुस्थिती: अत्तरवाल्यांना हवा असतो तो टोमॅटोच्या पानाचा वास. पानावर आणि देठावर बारीक लव असते. त्या लवेच्या टोकांशी चिकट द्रवाच्या इवल्या ग्रंथी असतात आणि हात लागताच त्या फुटतात. बोटांवरचा राप त्यांचाच. रोपाची ही ढाल आहे, किडीला दूर ठेवण्यासाठी. जां-क्लोद एलेना या फ्रेंच अत्तरकाराने १९७०च्या दशकात सिस्ले कंपनीसाठी केलेल्या ‘ओ द कांपान्य’मध्ये हाच पानाचा वास मध्यभागी ठेवला. आजही लोक ते अत्तर वापरतात.

ढोबळी मिरचीची गोष्ट आणखी नवलाची. तिच्या वासाचं मुख्य द्रव्य १९६९ मध्ये ओळखलं गेलं. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दोन भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. आपल्या सोसायट्यांत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात मिठाच्या कणापेक्षाही कमी वजनाचं हे द्रव्य पुरतं.

गैरसमज ३: ओल्या मातीचा वास पावसाच्या पाण्याला असतो.

वस्तुस्थिती: पाण्याला वास नसतो, तो मातीत आधीच असतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस गटातले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. थेंब पडला की ते हवेत उडतं. बिटाला मातकट वास येतो तोही जिओस्मिनचाच. उन्हाने तापलेल्या मातीवर आणि दगडांवर वनस्पतींची तेलंही साठलेली असतात, तीही या वासात मिसळतात. १९६४ मध्ये इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. त्याच लेखात त्यांनी उत्तर प्रदेशातल्या मिट्टीच्या अत्तराची नोंद केली आहे. म्हणजे विज्ञानाने नाव ठेवण्याआधी आपल्याकडचे कारागीर हा वास बाटलीत भरत होते. कनौजमध्ये अजूनही भाजलेल्या मातीची वाफ तांब्याच्या डेगेतून काढून चंदनाच्या तेलात मुरवतात.

पिंपरी-चिंचवडकरांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच स्ट्रेप्टोमायसिस गटातून माणसाला अनेक प्रतिजैविकं मिळाली. पिंपरीत १९५४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ते ज्या जिवापासून मिळालं त्याचं शास्त्रीय नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ आहे. आपल्या गावाचं नाव असं मातीतल्या जिवाला मिळालेलं आहे.

गैरसमज ४: भाजीपाल्याचा वास अंगाला लावणं ही परदेशी हौस आहे.

वस्तुस्थिती: आपल्याकडे सुगंध फक्त फुलांचा कधीच नव्हता. चैत्रात ज्योतिबाला दवणा वाहतात. गजऱ्यात मरवा गुंफतात. माठात वाळ्याची जुडी सोडतात. पान, देठ, मूळ या सगळ्यांचा वास आपण पिढ्यान्‌पिढ्या जवळ केला आहे. दवण्याचं तेल जगभरच्या अत्तरांत जातं.

आधुनिक सुगंध-उद्योगातही मराठी माणूस उशिरा आलेला नाही. एस. एच. केळकर आणि कंपनी मुंबईत १९२२ मध्ये सुरू झाली. तिचा एक कारखाना रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या परिसरात वाशिवलीला आहे, आपल्या बाजूने खंडाळ्याचा घाट उतरून पुढे. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा रस्ता आवर्जून सांगायला हवा.

गैरसमज ५: नैसर्गिक ते निर्धोक, प्रयोगशाळेतलं ते घातक.

वस्तुस्थिती: त्वचेला द्रव्य कुठून आलं ते कळत नाही. तुळशीतलं युजेनॉल, धन्यातलं लिनालूल, लिंबाच्या सालीतलं लिमोनीन ही तिन्ही निसर्गातलीच. तरीही युरोपच्या नियमांनुसार ठरावीक प्रमाणापुढे त्यांची नावं वेष्टनावर लिहावी लागतात, कारण काहींना त्यांची ॲलर्जी होते. २००३ मध्ये या यादीत २६ नावं होती, २०२३ च्या नियमाने ती ऐंशीच्या पुढे गेली. लिंबाचा रस हाताला लागलेला असताना कडक उन्हात बसलं तर कातडीवर काळे डाग, कधी फोडसुद्धा येतात. उलट प्रयोगशाळेत बनवलेलं हेक्सेनॉल आणि कापलेल्या गवतातलं हेक्सेनॉल यांच्या रेणूत काहीच फरक नाही.

म्हणून नवीन अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि एक-दोन दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर ते वापरू नका. घरच्या घरी पानं तेलात बुडवून केलेल्या ‘शुद्ध’ अत्तरालाही हाच नियम लावा.

गैरसमज ६: वास तासाभरात उडाला म्हणजे माल खोटा.

वस्तुस्थिती: हिरव्या वासांचे रेणू हलके असतात. हलका रेणू लवकर उडतो, उन्हाळ्यात आणखी लवकर. ताज्या बागेचा भास तो उडण्यामुळेच होतो. वाळा, चंदन यांचे रेणू जड, ते रेंगाळतात. चांगला अत्तरकार हिरव्या वासाखाली असा एखादा जड वास ठेवतो, त्यामुळे टोमॅटोचं पान विरलं तरी खाली ओलसर मूळ उरतं. दुकानात पहिल्या मिनिटाच्या वासावर निर्णय घेऊ नका. लावा, बाजारात एक फेरी मारा आणि तासाभराने पुन्हा हुंगून पाहा. बाटली उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. उष्णतेने आणि हवेने ही द्रव्यं बदलतात, आणि हवेशी संयोग झालेलं लिनालूल ॲलर्जीचा धोका वाढवतं.

शेवटी एकच सांगणं. असं अत्तर घ्यायच्या आधी एक टोमॅटोचं रोप लावा, कुंडीत लावलं तरी चालेल. सकाळी त्याचं एक पान चुरगाळा, मिरचीच्या रोपावर हात फिरवा, काकडी चिरा, कोरड्या मातीवर तांब्याभर पाणी ओता. मूळ वास एकदा ओळखीचा झाला की कोणत्या बाटलीत कसब आहे आणि कोणत्या बाटलीत नुसती जाहिरात, हे तुमचं नाकच सांगेल.