बंद भट्टीची चव

मद्याची चव कशी घ्यावी हा विषय व्याख्यानमालेत यावा, आणि तोही कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने मांडावा, हे काही श्रोत्यांना रुचणार नाही. त्यांची नाराजी मी समजू शकतो. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पाकिटातले पैसे घरी येण्याआधी गुत्त्यात जाऊ नयेत म्हणून त्या तेथे उभ्या असत. तेव्हा दारूची भलामण करण्याचा माझा हेतू नाही, हे आरंभीच सांगतो. परंतु जगात एक मद्य असे आहे की, ते ज्या कारखान्यात तयार झाले तो कारखाना बंद पडला, कामगार घरी गेले, यंत्रे थंड झाली. आणि त्यानंतर वीस-तीस वर्षांनी त्याच कारखान्याचा माल जगातील उत्तम मालात गणला जाऊ लागला. बंद कारखाना हा तर माझा जन्माचा विषय. म्हणून या मद्याकडे मी वळलो आणि थोडेफार वाचून, थोडेफार चाखून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे काय ते पाहू. बार्ली, म्हणजे जव, पाण्यात भिजवून तिला मोड आणतात. आपल्या घरी मटकीला आणतो तसेच. मोड आल्याने दाण्यातल्या पिष्टाची साखर होण्याची तयारी होते. मग गरम हवेने ते मोड वाळवतात. वाळवताना विस्तवात पीट घातले तर धूर दाण्यात मुरतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे कुजत पडलेल्या वनस्पतींचा थर. तो कुदळीने कापून, आपल्याकडे गोवऱ्या वाळवतात तसा वाळवून जाळतात. पुढे दाणा भरडून गरम पाण्यात साखर उतरवतात, ते पाणी आंबवतात, आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यांतून बहुधा दोनदा त्याचा अर्क काढतात. हा अर्क पाण्यासारखा स्वच्छ असतो. तो ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे स्कॉटलंडमध्येच मुरला, तर कायद्याने त्याला स्कॉच व्हिस्की म्हणता येते. केवळ मोडाची बार्ली वापरून एकाच डिस्टिलरीत काढलेली असेल, तर ती सिंगल माल्ट. अनेक डिस्टिलऱ्यांचे माल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की एकत्र केली की झाली ब्लेंडेड. आपल्या लोकांना नावाने ठाऊक असलेल्या बहुतेक स्कॉच या दुसऱ्या जातीच्या.

ही व्याख्या लक्षात ठेवावी, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. कित्येक दशके स्कॉटलंडमधल्या बहुतेक डिस्टिलऱ्या स्वतःच्या नावाने माल विकण्यासाठी चालतच नव्हत्या. त्यांचा माल मोठ्या कंपन्यांच्या मिश्रणात जाई. गावातल्या कामगाराने जिवापाड सांभाळलेली चव बाटलीत पोहोचेपर्यंत निनावी होऊन जाई.

आता एका डिस्टिलरीची हकीकत सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेस, सदरलँड परगण्यात, समुद्रकाठी ब्रोरा नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील जमीनदार घराण्याने डोंगरखोऱ्यांतल्या हजारो कुळांना त्यांच्या जमिनींवरून हुसकून लावले. कारण काय, तर माणसांपेक्षा मेंढ्या अधिक उत्पन्न देत होत्या. उठवलेल्या कुळांना समुद्रकाठच्या पट्टीत बसवण्यात आले. याच घराण्याच्या मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड यांनी १८१९ साली ब्रोराला क्लाइनलीश नावाची डिस्टिलरी उभारली. शेतकऱ्यांची बार्ली तेथे खपावी आणि चोरट्या भट्ट्या बंद पडाव्यात, हा उघड हेतू. ब्रोरात कोळशाची खाणही होती, ती जळणाला उपयोगी पडली. जमीन घ्यायची, मग त्याच माणसांना धान्याचे गिऱ्हाईक आणि मजुरी द्यायची, हा व्यवहार आपल्यालाही परका नाही.

१९६७-६८ च्या सुमारास, ब्लेंडेड व्हिस्कीला मागणी चढती असताना, रस्त्याच्या पलीकडे सहा हंड्यांची नवी डिस्टिलरी बांधण्यात आली. क्लाइनलीश हे नाव पुढे तिला मिळाले. जुनी १९६८ मध्ये बंद झाली, १९६९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९७५ पासून ब्रोरा म्हणून ओळखली जाऊ लागली. तिला पुन्हा सुरू करण्याचे कारण मौजेचे आहे. मिश्रणासाठी धुरकट माल्ट हवे होते, आणि ते मुख्यतः पश्चिमेकडील एका बेटावरून येई. त्या बेटाचे नाव उच्चारतात आयला. मराठी माणसाला हे ऐकून हसू येते, त्याला माझा इलाज नाही. तर या आयलाकडून येणारा माल कमी पडू नये म्हणून जुन्या ब्रोरात काही वर्षे भरपूर पीट वापरून माल काढण्यात आला. आज जाणकार ज्या बाटल्यांची नावे आदराने घेतात, त्यांतल्या पुष्कळशा या १९७० च्या आसपासच्या वर्षांतल्या आहेत. म्हणजे ही कीर्ती दुसऱ्याची उणीव भरून काढण्याच्या कामातून आली.

मग १९८३ उजाडले. १९७० च्या दशकात व्हिस्कीवाल्यांनी मागणी वाढतच राहील असे धरून बेसुमार माल काढला होता. व्हिस्कीचा धंदा मुळात विचित्र आहे. आज काढलेला माल दहा-बारा वर्षांनी विकायचा असतो, त्यामुळे आजचा अंदाज चुकला की तो दशकानंतर कळतो. तेलाच्या किमती भडकल्या, मंदी आली, लोकांची आवड बदलली आणि गोदामांत पिंपांवर पिंपे साठली. डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड या त्या काळच्या सर्वात मोठ्या कंपनीने एका १९८३ सालात ११ माल्ट डिस्टिलऱ्या बंद केल्या. १९८५ मध्ये आणखी काही. बंद करताना दर्जाची परीक्षा कोणी घेतली नाही. जुनी, लहान, खर्चाची, किंवा जिच्या शेजारी नवी उभी आहे अशी, ती बंद. ब्रोराचे नाव त्या यादीत होते, तसेच आयलावरच्या पोर्ट एलनचेही. अंदाज चुकवणारे निराळे होते. त्याची किंमत हंड्याशी उभे राहणाऱ्यांनी मोजली.

या बंद डिस्टिलऱ्यांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. लिनलिथगोच्या सेंट मॅग्डलीनमध्ये राहण्याच्या सदनिका झाल्या. इन्व्हर्नेसच्या ग्लेन अल्बिन आणि ग्लेन मोर पाडून तेथे दुकाने आली. डॅलस ढूचे संग्रहालय झाले. बेनरोमाख १९९३ मध्ये दुसऱ्यांनी विकत घेतली आणि १९९८ मध्ये सुरू केली.

मात्र डिस्टिलरी बंद झाली तरी गोदामातली पिंपे राहिली. पिंपातली व्हिस्की काम करीतच असते. लाकडातून ती रंग आणि गोडवा घेते, हवेतून श्वास घेते, आणि दर वर्षी सुमारे दोन टक्के उडून जाते. स्कॉटिश लोक याला देवदूतांचा वाटा म्हणतात. या हिशेबाने तीस वर्षांत जवळजवळ निम्मा माल नाहीसा होतो. आपल्या गोव्यात सिंगल माल्ट तयार होते; तेथे उष्णतेमुळे हा वाटा कितीतरी पटींनी जास्त असतो, म्हणून तेथे तीस वर्षे थांबण्याचा विचारही करता येत नाही. स्कॉटलंडच्या गारव्यात थांबता येते, परंतु अनंत काळ नाही. तेथे वर्षांबरोबर मद्यार्काचे प्रमाणही उतरत जाते, आणि ते चाळीस टक्क्यांखाली गेले की त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तेव्हा बंद डिस्टिलरीचे प्रत्येक पिंप ठरावीक वेळेच्या आत रिकामे करावेच लागते. ब्रोरा आणि पोर्ट एलन यांची पिंपे मिश्रणासाठी भरलेली असल्याने त्यांतली पुष्कळ आधी वापरलेल्या, दमलेल्या लाकडाची होती. त्याचाच पुढे फायदा झाला. नव्या लाकडाने तीस वर्षांत माल कडवट केला असता. जुन्या लाकडाने त्याला सावकाश मुरू दिले.

आता चव. ट्यूलिपच्या फुलासारखा, तोंडाशी निमुळता पेला घ्यावा आणि त्यात अगदी थोडी व्हिस्की. नाक पेल्यात खुपसू नये. मद्यार्काचा झणका बसतो आणि नाक बधिर होते. पेला हनुवटीपाशी धरून, तोंड किंचित उघडे ठेवून हळूहळू वर आणावा. जाणकारांचे निम्मे काम नाकानेच होते. मग लहानसा घोट घेऊन जिभेवर सर्वत्र फिरू द्यावा. गिळल्यावर घाई करू नये. मागे काय राहते आणि किती वेळ राहते, ते पाहावे. त्यानंतर पाणी घालावे, पण थेंबाथेंबाने. पाण्याने वास का खुलतो याचा अभ्यास स्वीडनमधील दोन शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. धुराचा वास देणारे ग्वायकॉल नावाचे द्रव्य कडक मद्यात मद्यार्काच्या कणांनी वेढलेले असते. पाणी घातले की ते पृष्ठभागाशी येते, असे त्यांनी गणिताने दाखवले. तरुण, जोरकस व्हिस्कीला पाणी मानवते. तीस वर्षांची म्हातारी मात्र जपून हाताळावी, दोन थेंब जास्त झाले तरी तिची बांधणी मोडते.

ब्रोराच्या पीटवाल्या वर्षांतली व्हिस्की हुंगताना युरोपातले लोक शेतवाडीचा वास येतो असे म्हणतात. आपण अधिक नेमके सांगू शकतो: तो गोठ्याचा वास आहे. वाळलेली वैरण, शेणाने सारवलेली जमीन, घामेजलेले चामडे, आणि मागे कोठे तरी चुलीचा धूर. त्यावर मध, आणि जिभेवर मेणाचा थर. नुकतीच विझवलेली मेणबत्ती आठवा. पोर्ट एलन वेगळी. तिच्यात समुद्राचे खारटपण, डांबर लावलेला दोर, जखमेला लावायच्या आयोडीनची आठवण आणि लिंबाची स्वच्छ धार.

या मेणाच्या बाबतीत एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. शेजारच्या नव्या क्लाइनलीशलाही ही मेणचट चव आहे. अर्क काढण्याच्या मधल्या टप्प्यावर तो ज्या टाक्यांत साठवतात, त्यांच्या आत एक चिकट साका धरतो. एकदा तेथे टाक्या स्वच्छ घासून काढल्या, आणि मालातले मेण नाहीसे झाले! शोध घेतला तेव्हा कळले, की ज्याला घाण समजून काढून टाकले तीच चवीची जननी होती. कोणती टाकी किती घासायची आणि काय राहू द्यायचे, हे रोज तेथे उभे राहणाऱ्या माणसाला ठाऊक असते. नकाशावर ते काढता येत नाही. ब्रोरात अर्काची वाफ थंड करण्यासाठी थंड पाण्याच्या हौदात बुडवलेली तांब्याची नागमोडी नळी असे. त्यामुळे वाफेला तांब्याचा स्पर्श कमी होई आणि माल जड, मांसल उतरे. हौदाचे पाणी किती थंड ठेवायचे, हंडा किती हळू तापवायचा, हाही त्याच जातीचा शहाणपणा. डिस्टिलरी बंद होते तेव्हा भिंती राहू शकतात, पण हे ज्ञान विखुरते.

आयलाच्या लोकांनी यातले थोडे वाचवले. पोर्ट एलनला १९७३ साली बार्लीला मोड आणण्याचा मोठा कारखाना निघाला होता. डिस्टिलरी बंद झाल्यावर तोही डळमळू लागला. तेव्हा १९८७ मध्ये आयला आणि शेजारच्या जुरा बेटावरील डिस्टिलऱ्यांनी आपापसात करार केला, की आपण काही माल्ट येथूनच घेऊ. प्रतिस्पर्धी मालकांनी एकत्र येऊन बेटावरचे काम टिकवले. एवढे करार मी पाहिले, पण असा विरळा.

पुढे किमतींचा खेळ सुरू झाला. पोर्ट एलनच्या आणि ब्रोराच्या बाटल्या २००१-०२ पासून दर वर्षी मोजक्या संख्येने बाजारात येऊ लागल्या. आरंभी शंभर-दीडशे पौंडांना मिळणारी बाटली दीड दशकात हजारो पौंडांवर गेली. त्याबरोबर बनावटही आली. २०१८ मध्ये एका स्कॉटिश प्रयोगशाळेने दुर्मीळ म्हणून विकल्या जाणाऱ्या ५५ बाटल्या किरणोत्सर्गी कार्बनच्या आधारे तपासल्या. २१ खोट्या किंवा सांगितलेल्या सालच्या नव्हत्या. आणि खऱ्या बाटल्यांपैकी कित्येक कधी उघडल्याच जात नाहीत. त्या तिजोरीत पडून राहतात. ज्यांच्या कामाला १९८३ मध्ये बाजाराने शून्य किंमत ठरवली, त्याच कामावर आज लिलाव बोलले जातात, आणि लिलावातला पैसा त्या गावांकडे वळत नाही. बंद बाटलीत फक्त किंमत असते. चव हवी तर ती उघडावी लागते, आणि एकट्याने उघडण्यात अर्थ नाही. चार जणांनी वर्गणी काढून घोटभर घोटभर वाटून घेतली, तर त्या कामगारांचे काम निदान कोणापर्यंत तरी पोहोचते.

शेवटी एक आनंदाची बातमी. या दोन्ही डिस्टिलऱ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. २०१७ मध्ये तशी घोषणा झाली. ब्रोराचे १९८३ पासून जागच्या जागी असलेले जुने दोन हंडे दुरुस्तीसाठी अलोआला नेऊन परत आणले, हंड्यांचे घर जुनेच दगड वापरून पुन्हा बांधले, आणि मे २०२१ मध्ये ३८ वर्षांनी पहिले पिंप भरले. पोर्ट एलन मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. ब्रोराचे हंडे तेच, दगड तेच. चव तीच येईल काय? याचे उत्तर आज कोणीच देऊ शकत नाही. २०२१ चा अर्क तीस वर्षांचा होईल २०५१ मध्ये. तेव्हा कोणी तरी जुनी आणि नवी ब्रोरा शेजारी शेजारी ठेवून हुंगेल. आपल्यापैकी काही तरुण श्रोते त्या वेळी असतील. त्यांनी पेल्यात गोठ्याचा वास आणि मेण शोधावे. सापडले, तर समजावे की तुटलेला धागा पुन्हा जुळवणारी माणसे तेथे होती. नाही सापडले, तर कारखाना बंद करताना हिशेबाच्या वहीत न लिहिलेले काय काय गेले, त्याची जोखीम त्या पेल्यात आपोआप मोजली जाईल.