तडा कुठे थांबतो, ते आधी पाहा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही भिवंडीच्या निजामपुऱ्यातून बोलतोय. मागे यंत्रमागांचा खडखडाट ऐकू आला तर राग मानू नका. आमच्याकडे तो बंद पडला, की माणसांना जास्त काळजी वाटते.

आमचा बचत गट आधी कापडी पिशव्या शिवायचा. मग खुर्च्या, टोपल्या, मिक्सरची झाकणं असं तुटकं प्लास्टिक सांधायला लागलो. आज बोलायचंय ते मात्र जुन्या मोटारगाडीच्या आतल्या प्लास्टिकबद्दल. तुम्ही म्हणाल, गाडी आमच्या दारात कुठे आहे? पण ही रीत तुमच्या घरातल्या तडकलेल्या वस्तूलाही लागू पडते. शिवाय आमची यात जी चूक झाली, ती तुमची होऊ नये.

आमच्या गटातल्या एका ताईंचे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. काळी-पिवळी पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. आधी ती फियाट म्हणून ओळखली जायची, १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. पण लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. काकांची टॅक्सी तर त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली होती. पण त्या गाडीवर जीव, म्हणून त्यांनी एक जुनी खासगी पद्मिनी घेऊन ठेवली आहे.

तिच्या मीटरभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीला तडा गेला. काकांनी ती आमच्याकडे आणून दिली आणि म्हणाले, "पोरींनो, जपून. कारखाना बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली. ही तुटली तर दुसरी कुठून आणू?"

आम्ही काय केलं? झटपट चिकटणारा गोंद तड्यात ओतला आणि मजबुतीसाठी मागून सुती चिंधी लावली. चिंधी बोटाला चिकटली, एकदम तापली, धूर निघाला आणि आमच्या एका मैत्रिणीचं बोट भाजलं. हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर पडला की जोरात तापतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. भिवंडीत तर चिंधी आणि सूत पावलोपावली. तुमच्याकडेही असेल. म्हणून हे आधी सांगतोय.

चौकट आठ दिवस टिकली. मग तडा पुन्हा उघडला आणि बोटभर पुढे सरकला. काका रागावले नाहीत, नुसते बघत राहिले. त्याचं आम्हाला जास्त लागलं. घेतलेले पैसे आम्ही परत केले आणि गाड्यांचे बंपर सांधणाऱ्या एका कारागिराकडे जाऊन बसलो. तिथे कळलं, की गोंद हातात घेण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या असतात. प्लास्टिक कोणतं आहे, आणि तडा कुठे संपतो.

पहिली गोष्ट, प्लास्टिकची जात. पुष्कळदा तुकड्याच्या मागच्या बाजूला इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. तिथे एबीएस किंवा पीपी असं लिहिलेलं सापडेल. एबीएस कडक असतं. मिक्सरचं अंग, टीव्हीचा रिमोट बहुधा त्याचाच. पीपी थोडं लवचिक आणि हाताला मेणचट लागतं. आपल्या प्लास्टिकच्या खुर्च्या बहुधा पीपीच्या.

जुन्या गाड्यांच्या तुकड्यांवर अक्षरं नसतात. मग मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने नखाएवढा कपचा काढा आणि साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात टाका. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पण काही पीपीमध्ये भुकटी मिसळलेली असते, ते बुडूही शकतं. म्हणून दुसरी परीक्षा. त्याच कपच्यावर ॲसिटोनचा थेंब टाका. एबीएस विरघळायला लागतं, बोटाला चिकट लागतं. पीपीला काहीच होत नाही. जाळून मात्र बघू नका. काही प्लास्टिकचा धूर विषारी असतो.

ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायच्या पाण्यात असतं तेच. पण त्या बाटलीत इतर गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि काहींत तर ॲसिटोन नसतंच. म्हणून रंगाच्या किंवा केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणा.

दुसरी गोष्ट, तड्याचं टोक. तुकडा साबणाने धुवा. डॅशबोर्डला लावायचं चकाकीचं पॉलिश राहिलं तर काहीच धरत नाही. कोरडा झाला की उजेडासमोर धरून अगदी हलका वाकवा. डोळ्याला दिसते त्याच्या पुढेही बारीक चीर गेलेली असते. ती जिथे संपते तिथे दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा. चांगल्या वस्तूला भोक कसं पाडायचं, म्हणून आमचा हात धजत नव्हता. पण सगळा ताण चिरेच्या टोकावर येतो, म्हणून ती पुढे फाटत जाते. टोक गोल झालं की ताण विखुरतो आणि चीर थांबते. आमच्या पहिल्या कामात नेमकं हेच राहिलं होतं.

आता सांधणं. काकांची चौकट एबीएसची निघाली. जुना गोंद आम्ही पात्याने खरवडून काढला. समोरून चिकटपट्टी लावून कडा जुळवल्या. मागून तड्यावर निम्म्या जाडीपर्यंत उतरती खाच केली. एबीएसच्या तुटक्या रिमोटचा चुरा काचेच्या बरणीत थोड्या ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी खळीसारखा दाट लगदा तयार होता. आधी तड्यात नुसतं ॲसिटोन ब्रशने फिरवलं, मग लगद्याचा पातळ थर दिला. तो सुकला की दुसरा. घाईने जाड थर दिला तर आत बुडबुडे राहतात आणि सुकताना तो आकसतो. शेवटच्या थरात मागून स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा दाबून बसवला. जीर्ण कापडाला आपण आतून अस्तर देतो, तसंच. दोन दिवस हात लावला नाही. मग समोरून पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, आणि शेवटी रंग.

हा गोंद नाही, हे लक्षात घ्या. ॲसिटोन दोन्ही कडा विरघळवतं आणि उडून जातं. मागे राहतं ते एकच प्लास्टिक.

पीपीला ही युक्ती चालत नाही. साधा गोंदही टिकत नाही. तिथे सोल्डरिंग आयर्नने कडा वितळवून, पीपीचीच पट्टी भरून जोडायचं. धूर यायला लागला तर उष्णता जास्त झाली, हात उचला. आणि एबीएसवर पीपी कधीच लावू नका. तेल आणि पाण्यासारखी ती दोन वेगळीच राहतात.

जपायचं काय? ॲसिटोन पटकन पेट घेतं आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरते. चूल, गॅस, देवाचा दिवा, ठिणगी उडणारी मोटर, काहीही जवळ नको. काम अंगणात करा. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका, घरात मुलं असतात. घासताना तोंडाला मास्क लावा. मीटरजवळचं काम असेल तर मेकॅनिककडून बॅटरीची तार सोडवून घ्या. तुकडा काढताना तो थंड नको. जुनं प्लास्टिक गारठलेलं असलं की कटकन मोडतं. थोडा वेळ उन्हात ठेवून मग सोडवा.

काही कामं आम्ही घेत नाही. तडकलेलं स्टीअरिंग घेत नाही, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. नव्या गाड्यांत एअरबॅगचं झाकण असतं, त्यालाही हात लावत नाही. ते ठरल्या जागी, ठरल्या तऱ्हेनेच फाटायला हवं. पैशांसाठी "होईल की" म्हणायचं नाही, हे गटाच्या बैठकीत ठरवून वहीत लिहिलंय.

काकांची चौकट पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही काढून शाबूत आहे. तिरप्या उजेडात सांधा अजून दिसतो, आणि मूळचा खरखरीतपणा तिथे आला नाही. आम्ही ते त्यांना आधीच सांगितलं होतं. या वेळी त्यांनी मजुरीचे पैसे पुढे केले तेव्हा आम्ही आधी नकोच म्हणालो. ते म्हणाले, "आधी मोडली ते विसरा. आता जोडली त्याचे घ्या." मग घेतले.

तुमच्या गटाला हे काम करून बघायचं असेल, तर पहिला हात कुणाच्या जपलेल्या वस्तूवर टाकू नका. भंगारातून दोन तुटके रिमोट आणि एक मोडकी खुर्ची आणा. त्यांच्यावर शिका. आमचं शिकणं काकांना महाग पडलं असतं.