पन्नाशीतली निवृत्ती आणि घरचे त्रैराशिक

"पुरे झाले आता शिकवणे!" असे मी दर परीक्षेनंतर म्हणतो. यंदाही उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा बांधताना म्हणालो. पण या खेपेस सौ.ने हसण्याऐवजी कागद-पेन्सिल पुढे केली. "पन्नासाव्या वर्षी नोकरी सोडणार ना? मग पुढची चाळीस वर्षे जेवायचे कशावर, तेवढे लिहा."

आमचे महाविद्यालय विनाअनुदानित. पेन्शनचे नाव नको. मुकाट्याने आम्ही दोघे वरच्या मजल्यावरच्या नानांकडे गेलो. नाना बँकेतले. 2000-01 साली सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि लाखाच्या आसपास कर्मचारी बाहेर पडले, त्यांत 53 वर्षांचे नानाही होते. पेन्शनऐवजी प्रॉव्हिडंट फंड घेतलेले.

"सगळी रक्कम मुदत ठेवीत घातली," नाना सांगू लागले. "दहा टक्के व्याज! मुद्दलाला हात लावायचा नाही, हा आमचा बाणा. तीन वर्षे राजासारखा राहिलो. दीनानाथला एक नाटक चुकवले नाही. मग ठेवींची मुदत संपली, आणि नव्या पावतीवर व्याज सहा टक्क्यांच्या आत!"

नाना वाढवून सांगत नव्हते. पीपीएफचाच दर 2000 च्या आरंभी 12 टक्के होता, तो 2003 च्या मार्चमध्ये 8 वर आला. व्याज घटले म्हणून दूधवाल्याने काही भाव उतरवला नाही. नाना पुढे सहा वर्षे एका दुकानाचे हिशेब लिहीत होते. "मुद्दल सांभाळले हो," ते म्हणाले, "पण त्यात येणारी वाणसामानाची पिशवी दरसाल हलकी होत गेली."

म्हणजे आलेले सगळे व्याज खाणे हीच चूक. मग काढावे किती? विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने 1994 साली तिकडचे जुने आकडे तपासून हिशेब मांडला: पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढावेत, पुढे महागाईइतकी वाढ घ्यावी, तर पुंजी तीस वर्षे टिकते. आम्हांला हवीत चाळीस, आणि महागाई इथली. म्हणून 3 टक्के धरले. दरमहा 60 हजार, म्हणजे वर्षाला 7 लाख 20 हजार. 4 टक्क्यांनी 1 कोटी 80 लाख लागतात. 3 टक्क्यांनी 2 कोटी 40 लाख.

"एका टक्क्याला साठ लाख!" सौ. उद्गारली. आमच्यापाशी पन्नाशीपर्यंत जेमतेम पहिला आकडा जमेल.

नानांनी आणखी एक बजावले. 2008 च्या जानेवारीत सेन्सेक्स 21 हजारांवर होता, ऑक्टोबरात 9 हजारांखाली. त्या साली घरखर्चासाठी ज्यांनी शेअर विकले, त्यांचे विकलेले शेअर पुढच्या तेजीत परत आले नाहीत. तेव्हा तीन वर्षांचा खर्च ठेवींत वेगळा ठेवावा आणि बाजार चांगला असेल त्याच वर्षी तो भरून घ्यावा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे दार साठीला उघडते, नोकरीतून निवृत्त झालेल्यांना 55 ला. पन्नाशीतला मनुष्य मध्येच लोंबकळतो!

शेवटी तडजोड ठरली. पन्नाशीला नोकरी सोडायची, पण पाचेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवायचे. त्यातून निम्मा खर्च निघाला, तर 1 कोटी 80 लाखांतून वर्षाला 2 टक्केच काढावे लागतील. उत्तरपत्रिका काही सुटत नाहीत!

आणि त्याआधी परीक्षा आमची. या पाडव्यापासून वर्षभर 60 हजारांतच घर चालवून पाहायचे. वही आणली आहे. पहिली नोंद सौ.ने केली, चकलीच्या भाजणीची. दुसरी मी लपवू पाहत होतो: दीनानाथची दोन तिकिटे.