शेतावरील अपघात आणि भरपाईची मुदत

आश्विन सरत आला की कोकणच्या किनाऱ्यावर भातकापणीची एकच घाई उडते. मालवण तालुक्यातील आचरा गावचे मळेही त्यास अपवाद नाहीत. पूर्वी खळ्यावर भात हातांनी झोडले जाई. आता ठिकठिकाणी मळणीयंत्राची घरघर ऐकू येते. नांगरणीस पॉवर टिलर आला आणि माड-पोफळीच्या बागांना विजेच्या पंपाने पाणी मिळू लागले. यंत्रांनी श्रम वाचविले हे निर्विवाद होय. परंतु क्षणभराची गफलत झाली तर मजुराचा हात जायबंदी होतो आणि त्याच्या घरची चूल थंडावते. अशा वेळी मजूर व शेतकरी दोघेही एकच प्रश्न विचारतात : भरपाई मिळेल ती किती दिवस? या प्रश्नाचे उत्तर ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कायदा कोणता?

कामावर झालेल्या इजेबद्दल मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने प्रस्थापित झाले. पुढे तो कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावून घेण्यात आला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. भरपाईची मूळ चौकट मात्र बव्हंशी पूर्वीचीच राहिली आहे. ट्रॅक्टर अथवा यांत्रिक शक्तीवर वा विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती या कायद्याच्या यादीत आहे. मजूर रोजंदारीवरचा आहे, चार दिवसांपुरताच आला होता, एवढ्याच कारणावरून त्याचा हक्क नाकारता येत नाही. नैमित्तिक कामगारांना वगळणारी तरतूद २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

मुदतीचा हिशेब

एक कल्पित उदाहरण घेऊ. आचऱ्यातील एका खळ्यावर मळणीयंत्रात भात घालताना चाळीस वर्षे वयाच्या मजुराच्या हाताला इजा झाली. त्याची मासिक मजुरी १२,००० रुपये धरू.

इजेमुळे तीन दिवसांपलीकडे काम बंद राहिले नाही, तर नियतकालिक भरपाई देय होत नाही. काम त्याहून अधिक दिवस, परंतु अठ्ठावीस दिवसांपेक्षा कमी काळ बंद राहिले, तर पहिले तीन दिवस वगळून भरपाई मिळते. अठ्ठावीस दिवस वा अधिक काळ काम बंद राहिल्यास मात्र पहिल्या दिवसापासून हिशेब होतो. ही रक्कम दर पंधरवड्यास मासिक मजुरीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे आपल्या उदाहरणात ३,००० रुपये असते. महिन्याकाठी ती निम्म्या मजुरीएवढी होते.

आता मुख्य प्रश्न. ही पंधरवड्याची रक्कम मजूर कामास असमर्थ असेपर्यंत अथवा पाच वर्षांपर्यंत, यांपैकी जो काळ अगोदर संपेल तोपर्यंतच मिळते. मजूर बरा होऊन कामावर परतला की ती थांबते. प्रकृतीत फरक पडल्यास वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे रकमेचा फेरविचार होऊ शकतो. मालकाने मोफत वैद्यकीय तपासणीची सोय करूनही मजुराने ती सबळ कारणावाचून नाकारली, तर त्याचा हक्क तहकूब होतो. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने सोसावयाचा असून तो या भरपाईतून कापून घेता येत नाही.

कायमचे व्यंग आले तर

समजा, उपचार तीन महिने चालले आणि अखेरीस हाताची दोन बोटे गमवावी लागली. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताच्या दोन बोटांची हानी वीस टक्के धरली आहे. अशा कायमच्या व्यंगाबद्दल मिळणारी रक्कम मुदतीवर अवलंबून नसते. ती एकरकमी असते. मजुरीचे साठ टक्के म्हणजे ७,२०० रुपये. त्यास चाळीस वर्षे वयासाठी ठरविलेल्या १८४.१७ या अंकाने गुणावे व आलेल्या रकमेचे वीस टक्के घ्यावे. ही रक्कम सुमारे २,६५,२०५ रुपये होते. दरम्यान सहा पंधरवड्यांत मिळालेले १८,००० रुपये त्यातून वजा होतात व सुमारे २,४७,२०५ रुपये हाती येतात.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. हात बरा झाला असे सांगून तीन महिन्यांनी पंधरवड्याची रक्कम बंद केली, आणि बोटांच्या हानीची एकरकमी मागणी कोणी केलीच नाही, तर त्या कुटुंबाच्या हक्काचा फार मोठा भाग बुडतो. म्हणून नियतकालिक भरपाई थांबली म्हणजे सारा हक्क संपला, असे समजू नये.

शेतकरी बांधवांनी काय करावे?

हा बोजा लहान शेतकऱ्यास पेलणारा नाही, हे उघड आहे. त्यासाठी कामगार भरपाईचा विमा उतरविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. भाड्याचे यंत्र आणताना मजूर कोणाचे, यंत्रमालकाचे की आपले, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. कारण कंत्राटदाराच्या मजुराची मागणीही प्रथम शेतकऱ्याकडे येऊ शकते. ती रक्कम शेतकऱ्याला मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करता येते. यंत्राच्या पट्ट्यावरील संरक्षक जाळी कधीही काढू नये.

शेतकरी स्वतः जखमी झाला तर हा कायदा त्याच्या उपयोगी पडत नाही. त्याच्यासाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू ओढवल्यास अथवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख, आणि एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये, असे हे एकवेळचे अनुदान असते. त्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जावयास हवा. माडावर चढून नारळ काढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाचा केरा सुरक्षा विमा आहे. परंतु त्याची मुदत एका वर्षाची असल्याने तो वेळेवर नवा करणे अगत्याचे आहे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

अपघात घडताच तारीख, वेळ, स्थळ, यंत्र व साक्षीदार यांची नोंद करावी. मालकास लेखी सूचना द्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. दवाखान्याचा पहिला कागद तर कदापि गहाळ होऊ देऊ नये. भरपाईचा दावा दोन वर्षे उलटण्यापूर्वी दाखल झालाच पाहिजे, असे मजुरास बजावून सांगावे. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाचा मार्गही त्यास दाखवावा.

भाताचे बी वेळेवर पेरले नाही तर पावसाळा कोणासाठी थांबत नाही. हक्काच्या मुदतीचेही तसेच आहे. मजुराचा हात शाबूत राहावा ही पहिली काळजी, आणि तो दुखावलाच तर एकही दिवस वाया न घालविणे ही दुसरी. या दोन्ही गोष्टी आपण सर्वांनी मनावर घेतल्या, तर खळ्यावर रास पडेल तेव्हा ती रास उभी करणाऱ्याच्या घरीही चूल पेटलेली असेल.