लुळ्या हाताचे कारण शोधणाऱ्या डॉ. ऑगस्टा क्लम्पके

बाळंतपण अवघड झाले. बाळाचे डोके बाहेर आले, पण खांदा अडकला. आई सुखरूप, बाळही सुखरूप. मात्र दोन दिवसांनी लक्षात येते की बाळ एक हात हलवतच नाही. मग घरात तर्क सुरू होतात. कोणी म्हणते नजर लागली. कोणी म्हणते ग्रहणात आईने काहीतरी चिरले असणार. कोणी तेल घेऊन हात जोरात चोळू लागते. शेवटी सगळा दोष आईच्या माथी येतो.

दवाखान्यात डॉक्टर बाळाचा खांदा, कोपर आणि बोटे तपासतात. डोळ्यांच्या पापण्याही पाहतात. मग केसपेपरवर कधी 'अर्ब' तर कधी 'क्लम्पके' असे लिहितात. ही औषधांची नावे नव्हेत, ती दोन डॉक्टरांची नावे आहेत. त्यातले अर्ब हे जर्मन पुरुष होते आणि क्लम्पके या बाई होत्या. हातातली ताकद नेमकी कुठल्या नसेच्या दुखापतीने जाते, यावरचा आपला मोठा लेख त्यांनी १८८५ मध्ये लिहिला. तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि त्यांचे शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते. मेंदू आणि नसांच्या आजारांवर काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांचे नाव घेतले जाते. त्यांची ओळख या वेळी आम्ही करून देत आहोत.

आईने वाचलेली बातमी

ऑगस्टा क्लम्पके यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. थोरली बहीण अ‍ॅना लहानपणी पडली आणि तिचा पाय कायमचा अधू झाला. पुढे आई-वडील वेगळे झाले. आई मुलांना घेऊन युरोपात आली. आधी जर्मनी, मग स्वित्झर्लंड असे मुक्काम झाले. मुली शिकल्याच पाहिजेत, हा या आईचा हट्ट होता. त्याचे फळ पुढे दिसले. अधू पायाची अ‍ॅना नामवंत चित्रकार झाली. डोरोथिया खगोलशास्त्रज्ञ झाली आणि १८९३ मध्ये तिने पॅरिसच्या विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. ज्युलिया व्हायोलिन वाजवू लागली.

ऑगस्टा यांचा कल विज्ञानाकडे होता. मादलेन ब्रेस नावाच्या एका बाईंना १८७५ मध्ये पॅरिसमध्ये वैद्यकाची पदवी मिळाली. ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या फ्रेंच स्त्री. त्यांच्याविषयी आईच्या वाचनात आले. तेवढ्यावरून तिने निर्णय घेतला आणि १८७७ मध्ये सगळे कुटुंब पॅरिसला हलवले. ऑगस्टा यांनी तिथल्या वैद्यक विद्यालयात नाव घातले.

प्रवेश मिळाला, वॉर्ड मिळाला नाही

इथून पुढची गोष्ट आपल्या घरातल्या शिकणाऱ्या मुलींना जरूर सांगावी.

पॅरिसमध्ये मुलींना वैद्यक शिकायला परवानगी होती. फी भरता येत होती, व्याख्याने ऐकता येत होती, पदवीही मिळत होती. पण डॉक्टर खरा घडतो तो रुग्णाच्या खाटेजवळ. त्यासाठी तिथे दोन पायऱ्या होत्या. पहिली 'एक्स्टर्न', म्हणजे वॉर्डात मदतनीस म्हणून शिकणारा विद्यार्थी. दुसरी 'इंटर्न'. आज आपल्याकडे एमबीबीएसनंतर सगळ्यांनाच इंटर्नशिप करावी लागते, तसे ते नव्हते. तिथे इंटर्न होण्यासाठी अतिशय अवघड स्पर्धा परीक्षा असे. जो इंटर्न झाला, त्यालाच पुढे मोठ्या रुग्णालयात जागा, संशोधन आणि नाव मिळण्याची आशा असे. या दोन्ही पायऱ्या मुलींना बंद होत्या. म्हणजे पदवीचे दार उघडे आणि कामाचे दार बंद.

ऑगस्टा आणि त्यांची मैत्रीण ब्लांश एडवर्ड्स यांनी अर्ज-विनंत्यांचा धडाका लावला. अखेर एक्स्टर्नची परीक्षा मुलींना खुली झाली, पण एका अटीवर: या जागेच्या आधारे मुलींनी पुढे इंटर्नच्या परीक्षेला बसायचे नाही. ही अट असतानाच ऑगस्टा परीक्षेला बसल्या, निवडल्या गेल्या आणि १८८२ मध्ये वॉर्डात रुजू झाल्या. आत गेल्यावर मात्र त्या दोघी अट बदलून घेण्याच्या मागे लागल्या.

विरोध अडाण्यांनी नाही, शिकलेल्यांनी केला. पॅरिसमधल्या डॉक्टरांनी आणि इंटर्नांनी सह्यांचे अर्ज दिले. बाईला रात्रपाळी झेपणार नाही, बाईचे मन नाजूक असते, पुरुषांबरोबर एका आवारात राहणे बरे दिसत नाही, अशी त्यांची कारणे होती. त्याच रुग्णालयांत रात्र-रात्र जागून रुग्णांची घाण काढणाऱ्या परिचारिका बायकाच होत्या. त्यांच्या नाजूक मनाची काळजी कोणी केली नव्हती.

३१ जुलै १८८५ रोजी पॅरिसचे प्रशासक पुबेल यांनी मुलींना इंटर्नच्या परीक्षेला बसू देण्याचा आदेश काढला. शहरात घरोघर कचऱ्याचा डबा सक्तीचा केला, तेही हेच पुबेल. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. त्या वर्षीच्या परीक्षेत ऑगस्टा यांना पूर्ण यश मिळाले नाही. पुढच्या वर्षी त्या पुन्हा बसल्या आणि पास झाल्या. पॅरिसच्या रुग्णालयांतल्या पहिल्या स्त्री इंटर्न म्हणून त्यांची नोंद झाली.

हात आणि डोळा यांचा संबंध

एक्स्टर्न म्हणून वॉर्डात जे दिसले, त्यातूनच त्यांचा १८८५ चा लेख तयार झाला. तो समजून घेणे अवघड नाही.

हाताला ताकद आणि जाणीव देणाऱ्या नसा मानेतून निघतात. मानेच्या खालच्या भागातून चार आणि छातीच्या अगदी वरच्या मणक्याजवळून एक, अशी त्यांची मुख्यतः पाच मुळे असतात. ही मुळे मानेच्या बाजूला आणि काखेजवळ एकमेकांत गुंततात आणि मग हातात उतरतात. वरची मुळे तुटली किंवा ताणली गेली तर खांदा आणि कोपर लुळे पडतात. बाळाचा हात अंगालगत लोंबतो, पण बोटे हलतात. याला अर्बचा लकवा म्हणतात. बाळंतपणात हाच प्रकार जास्त आढळतो.

ऑगस्टा यांनी खालच्या मुळांकडे लक्ष दिले. ती दुखावली तर खांदा उचलता येतो, पण पंजा निकामी होतो. बोटे आकड्यासारखी वाकतात, पकड राहत नाही. अशा काही रुग्णांत आणखी एक गोष्ट दिसत असे. ज्या बाजूचा हात लुळा, त्याच बाजूची पापणी थोडी उतरलेली आणि डोळ्याची बाहुली लहान झालेली. हाताच्या दुखण्याचा डोळ्याशी काय संबंध? ऑगस्टा यांनी दाखवून दिले की छातीच्या पहिल्या मुळातून डोळ्याकडे जाणारे बारीक तंतूही निघतात. ते मूळ मणक्याजवळच दुखावले की हात आणि डोळा दोन्हीवर परिणाम होतो. म्हणून पापणी पाहून डॉक्टरला कळते की इजा किती खोलवर झाली आहे. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा अजून दहा वर्षे होती, आणि एमआरआय तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्यांच्यापाशी रुग्ण होता, स्वतःचे डोळे होते आणि शरीररचनेचा पक्का अभ्यास होता. या कामाला १८८६ मध्ये फ्रान्सच्या वैद्यक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

ही दुखापत फक्त बाळांना होते असे नाही. परांचीवरून पडताना एका हाताने बांबू धरून लोंबकळलेला बांधकाम मजूर, मोटारसायकलवरून खांद्यावर आपटलेला तरुण, यांनाही ती होते. खांद्यापासून करंगळीपर्यंत सतत दुखणे आणि त्याच बाजूची पापणी उतरणे ही फुप्फुसाच्या टोकाला झालेल्या गाठीची खूणही असू शकते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने अशा दुखण्यावर नुसता मलम चोळत बसू नये.

शिशाने लुळे पडणारे मनगट

१८८९ मध्ये ऑगस्टा यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला. त्याचा विषय होता अनेक नसांना एकाच वेळी होणारी इजा, आणि त्यातही शिशाच्या विषाने येणारा लकवा. तेव्हा रंगात शिसे मिसळत. रंगारी, छापखान्यात खिळे जुळवणारे, शिसे वितळवणारे कामगार या विषाला बळी पडत. पोटात मुरडा येई, हिरड्यांवर निळसर रेघ उमटे आणि मनगट खाली लोंबू लागे.

हा आजार इतिहासजमा झालेला नाही. आज आपल्या वस्त्यांजवळ भंगारात जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात, शिसे वितळवले जाते. त्याचा धूर आणि भुकटी श्वासातून, हातातून, कपड्यांतून घरात येते. मोठ्यांच्या नसांवर परिणाम होतो. लहान मुलांचे नुकसान त्याहून जास्त: रक्त कमी होते, मेंदूची वाढ मंदावते, अभ्यासात मूल मागे पडते. मग त्या मुलाला 'ढ' म्हटले जाते आणि खरे कारण झाकलेलेच राहते.

नावाच्या पुढे नाव

१८८८ मध्ये ऑगस्टा यांनी न्यूरॉलॉजिस्ट ज्यूल देजेरीन यांच्याशी लग्न केले. दोघांनी मिळून मेंदू आणि मज्जारज्जूच्या रचनेवर दोन मोठे ग्रंथ तयार केले. ते १८९५ आणि १९०१ मध्ये निघाले. मेंदूचे पातळ काप करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, एकेका तंतूची वाट त्यात रेखाटली आहे. मुखपृष्ठावर लेखक म्हणून पतीचे नाव आहे आणि 'यांच्या सहकार्याने' म्हणून पत्नीचे. पती पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात प्राध्यापक झाले. ऑगस्टा यांना प्राध्यापकपद कधीच मिळाले नाही. तरीही पॅरिसच्या न्यूरॉलॉजी संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या आणि १९१४ मध्ये पहिल्या स्त्री अध्यक्ष.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. पाठीच्या कण्यात गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा घुसून कमरेखाली लुळे झालेले जवान रुग्णालयात येऊ लागले. १९१७ मध्ये पती वारले, पण ऑगस्टा यांनी काम थांबवले नाही. अशा जवानांच्या गुडघ्या-खुब्यांभोवती नको तिथे हाड तयार होते आणि सांधे जखडतात, हे त्यांनी आंद्रे सेलिए या सहकाऱ्यासह १९१८ मध्ये सविस्तर मांडले. मुलगी इव्होन हीसुद्धा नसांच्या आजारांची डॉक्टर झाली. ५ नोव्हेंबर १९२७ रोजी पॅरिसमध्ये ऑगस्टा यांचे निधन झाले.

आम्हाला या चरित्रातली एक गोष्ट विशेष वाटते. प्रवेश मिळाला म्हणजे सगळे मिळाले, असे ऑगस्टा यांनी मानले नाही. जिथे काम शिकता येते त्या वॉर्डापर्यंत त्या पोचल्या, म्हणूनच त्यांना पापणी आणि पंजा यांचा संबंध दिसला. आपल्या मुलीने नर्सिंगला, फिजिओथेरपीला किंवा डॉक्टरकीला प्रवेश घेतला की पेढे वाटून थांबू नका. तिला रात्रपाळी करू द्या, लांबच्या गावी पोस्टिंग घेऊ द्या, एकदा नापास झाली तर पुन्हा बसू द्या.

लक्षात ठेवा

• नवजात बाळ एक हात हलवत नसेल तर हात ओढू नका, जोरात मालिश करू नका, काखेत धरून उचलू नका. डोके आणि कंबर यांना आधार देऊन उचला. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

• बऱ्याच बाळांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. त्यासाठी फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हलके व्यायाम रोज करावे लागतात. तीन महिन्यांनंतरही बाळ कोपर वाकवत नसेल किंवा पंजा हलत नसेल तर मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो आणि तिची वेळ निघून जाता कामा नये.

• आशाताई बाळाला भेटायला घरी येतात तेव्हा त्यांना हात दाखवा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा बाळांची तपासणी होते.

• बॅटरी, भंगार किंवा शिशाचे काम करणाऱ्यांनी जेवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे बाहेर बदलावेत आणि वेगळे धुवावेत. घरात किंवा अंगणात शिसे वितळवू नये. मनगट लोंबत असेल, पोटात वारंवार मुरडा येत असेल तर डॉक्टरांना आपले काम काय ते सांगा आणि रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या.

• घरात कमरेखाली लुळा पडलेला माणूस असेल तर दर दोन तासांनी त्याची कूस बदला. पाठ, खुबे आणि टाचांवर लालसर डाग दिसतो का ते रोज पाहा. जखम होण्याआधी लक्ष दिले तर पुढचा मोठा त्रास टळतो.