मोटारीचे इंधन व शिरूर-दौंडकडील अन्नधान्य

सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३१ तारखेस महाराष्ट्र सरकारने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपले शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके होते. पुढे पाच आठवड्यांनी, ७ डिसेंबर रोजी, मध्यवर्ती सरकारने साखर कारखान्यांस उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्याची मनाई केली. ह्या दोन हुकमांचा परस्परसंबंध पुष्कळांच्या ध्यानात आला नाही. परंतु दोहोंचे मूळ एकच होते. पाऊस हुकला, ऊस खुरटला, साखर महागण्याची भीती पडली, आणि मोटारीच्या टाकीकडे निघालेला रस पुन्हा साखरेकडे वळवावा लागला.

इथेनॉल म्हणजे मद्यार्कच होय. मात्र त्यातील पाण्याचा अंश जवळजवळ पूर्णपणे काढून टाकलेला असतो. पेट्रोलात तो शेकडा २० प्रमाणात मिसळण्याचे उद्दिष्ट २०१८ च्या जैवइंधन धोरणात सन २०३० साठी ठरले होते. २०२२ साली ती मुदत अलीकडे ओढून २०२५-२६ करण्यात आली, व २०२५ मध्ये ते प्रमाण गाठलेही गेले. परदेशी तेलावरील खर्च कमी व्हावा आणि उसाच्या बिलाचे पैसे वेळेवर मिळावेत, हे दोन्ही हेतू आम्हांस मान्य आहेत. प्रश्न एवढाच की, हा मद्यार्क कशातून निघतो?

साखर काढून घेतल्यावर उरलेल्या अखेरच्या मळीपासून तो काढला, तर कोणाच्याही ताटातील घास कमी होत नाही. दुसऱ्या प्रतीच्या, म्हणजे ‘बी’ मळीपासून काढला तर थोडी साखर जाते. थेट रसापासून काढला तर सगळीच जाते. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. तथापि साखर कमी झाल्याने कोणी उपाशी राहत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खरी चिंता धान्याची आहे.

२०२३-२४ च्या हंगामात रसाच्या इथेनॉलास लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे दर होता, तर मक्याच्या इथेनॉलास ७१ रुपये ८६ पैसे देऊ केले गेले. साहजिकच मद्यार्काच्या भट्ट्या मक्याकडे वळल्या, आणि २०२४-२५ मध्ये मका हाच ह्या धंद्याचा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते. आता हिशेब करून पाहावा. फटफटीच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल भरले तर त्यात दोन लिटर इथेनॉल असते. ते मक्याचे असल्यास सव्वापाच किलो मका त्या एका टाकीत गेला. मोटारीच्या चाळीस लिटरांच्या टाकीत एकवीस किलो जातो.

मका आपल्याकडे भाकरीस फारसा लागत नाही, मग काळजी कशाची, असे कोणी म्हणेल. मेक्सिकोत मक्याची भाकरी हेच मुख्य अन्न. तेथे २००७ च्या जानेवारीत ती महागल्याने लोक रस्त्यावर उतरले. अमेरिकेत मक्याचे इथेनॉल वाढत चालल्याचे ते एक कारण मानले गेले. आपल्याकडे हा परिणाम माणसाच्या ताटाआधी कोंबड्यांच्या खाद्यात व गुरांच्या दावणीत दिसतो. २०२४ साली मका इतका ओढला गेला की, एरवी मका बाहेर पाठविणाऱ्या ह्या देशाने तो म्यानमार व युक्रेन येथून आणविला. कुक्कुटपालकाचा निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचा व त्या खाद्यात मोठा वाटा मक्याचा. अंडी कोणत्या वाटेने महागतात हे ह्यावरून समजेल.

दुसऱ्या बाजूने मद्यार्क काढल्यावर टनामागे सुमारे तीनशे किलो प्रथिनयुक्त चोथा उरतो. बाजारात त्यास डीडीजीएस म्हणतात. हा स्वस्त चोथा पशुखाद्यात शिरला तशी सोयाबीनच्या पेंडीची मागणी घटली. २०२४ च्या खरिपात सोयाबीनची हमी किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये असूनही बाजारात भाव तिच्या खालीच राहिले, त्यास हे एक कारण झाले. म्हणजे एका शेतकऱ्याच्या मक्यास गिऱ्हाईक मिळाले ते काही अंशी दुसऱ्याच्या सोयाबीनच्या जिवावर. पुढे मक्याचाही पेरा वाढला, आणि २०२५ च्या अखेरीस कित्येक बाजारांत मका २,४०० रुपयांच्या हमी किमतीखाली विकला गेला.

धान्याचा मद्यार्क हा वाद महाराष्ट्रास नवा नव्हे. २००७ साली ज्वारी, बाजरी व मका ह्यांपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस सवलती देण्याचे धोरण राज्य सरकारने आखले, तेव्हा ‘धान्याची दारू’ म्हणून त्यावर मोठे काहूर उठले होते. १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलो खाऊन दिवस काढलेली पिढी त्या वेळी बोलत होती, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. मुठा उजवा कालवा, चासकमान व घोड ह्यांच्या पाण्यावर ऊस इथेनॉलच्या पुष्कळ आधीपासून होत आला आहे. न्हावरे, पाटस, आलेगाव येथे कारखाने निघाले. केडगाव-यवत भागातील गुऱ्हाळे तर प्रसिद्धच आहेत. तेव्हा ज्वारी इथेनॉलनेच हटविली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु आपल्याकडे पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उसास पाणी लागते त्याच्या सुमारे चौपट. त्याच कालव्यावर पुणे शहराची तहानही आहे. रसास नवे गिऱ्हाईक उभे राहिले की, आवर्तनाचे पाणी उसाकडेच ठेवण्याचा मोह वाढतो. आणि पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईसारख्या जिराईत गावांनी ज्यावर गुरे जगवावी तो कडबा महाग होतो. उसाचे वाढे चाऱ्यास मिळतात खरे, पण ते गाळपाच्या महिन्यांपुरतेच.

शिवाय धोरण एका सहीने फिरते, ऊस फिरत नाही. जुलै २०२२ मध्ये आडसाली लावणाऱ्याचा ऊस नेमका त्या मनाईच्या दिवसांत तोडीस आला. आठवड्याभराने मनाई सैल करून १७ लाख टन साखरेइतकाच रस व मळी वळविण्यास मुभा मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी सर्व निर्बंध उठले. लागण करताना ह्यातले काहीही कोणास ठाऊक असणे शक्य नव्हते.

म्हणून ज्यांच्या दावणीस चार जनावरे आहेत त्यांस आमचे सांगणे असे की, मका व ऊस अवश्य करावा, पण रब्बीसाठी एक-दीड एकर भारी जमीन आधी बाजूस काढावी. तीत सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, ओल असतानाच, मालदांडी पेरावी आणि कालव्याचे एखादे आवर्तन मिळाल्यास ते पीक पोटरीत येण्याच्या सुमारास द्यावे.