विश्लेषण : बंदुकीचा बार कायद्याला ऐकू येतो का? शूटिंग रेंजच्या आवाजाचे नियम काय सांगतात?

समजा, तुमच्या घरापासून काही अंतरावर उघड्यावरची शूटिंग रेंज आहे. तासाभरात १०० बार होतात. प्रत्येक बार अंगणात ८० डेसिबलचा आणि जेमतेम ०.१ सेकंदाचा. उरलेला वेळ पूर्ण शांतता धरली, तर त्या तासाची सरासरी किती? सुमारे ५४ डेसिबल. म्हणजे साधारण गप्पांएवढा आवाज! कागदावर सगळे ठीक आणि घरात मात्र दर ३६ सेकंदांनी दचकणे. रेंजच्या आवाजावरचे बहुतेक वाद या सरासरीपाशी येऊन अडतात.

सगळ्याच नेमबाजीला हे लागू नाही. १० मीटर एअर रायफल हवेच्या दाबावर चालते, तिचा त्रास शेजाऱ्यापर्यंत जात नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले त्या ५० मीटर रायफल प्रकारात मात्र दारूची काडतुसे असतात. ट्रॅप, स्कीटच्या शॉटगनचा आवाज त्याहून मोठा. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर नळीच्या तोंडाशी होणारा एक आणि वाटेत गोळीमुळे होणारा दुसरा, असे दोन आवाज येतात. रेंजमध्ये मातीचा बांध घातला तर पहिला बराच अडतो, दुसऱ्यावर मात्र हाच उपाय पुरत नाही.

अमेरिकेत रेंजला संरक्षण कसे?

तिथे अनेक राज्यांत रेंज वाचवणारे कायदे आहेत. मिशिगनचा कायदा १९८९ चा. रेंज सुरू झाली तेव्हाचे आवाजाचे नियम ती पाळत असेल आणि ठरलेल्या कार्यपद्धतीने चालत असेल, तर आवाजावरून तिच्यावर दिवाणी दावा वा फौजदारी खटला चालत नाही. नंतर आजूबाजूला वस्ती वाढली, नियम कडक झाले, तरी मापदंड जुनाच! रेंजवाल्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. माळरानावर सुरू केलेली रेंज शेजारी प्लॉट पडल्यामुळे का बंद करायची, हा त्यांचा सवाल. मिनेसोटाने २००५ मध्ये आकडाच ठरवला. निवासी भागात दिवसा तासाची सरासरी ६३ डेसिबल, मोजणी रेंजच्या हद्दीबाहेर, ऐकणारा असेल तिथे. आपले ५४ इथे आरामात पास.

इंग्लंडची पट्टी वेगळी

इंग्लंडमध्ये क्ले टार्गेट नेमबाजीसाठी २००३ ची मार्गदर्शिका आहे. तो कायदा नव्हे, पण आवाज तपासताना आधार म्हणून वापरली जाते. तिच्यात शांततेचे क्षण धरतच नाहीत. अर्ध्या तासातले सर्वांत मोठे २५ बार निवडायचे आणि फक्त त्यांची सरासरी काढायची. ती ५५ च्या खाली असेल तर त्रासाची शक्यता कमी, ६५ च्या वर गेली तर दाट. वरच्या उदाहरणातले बार या पट्टीवर ६५ च्या बरेच वर जातात. बंदूक तीच, अंगण तेच! माझ्या मते दचकणाऱ्या माणसाच्या जवळ जाणारी पट्टी हीच. ‘तुम्ही नंतर राहायला आलात’ हा बचावही तिथे चालत नाही. सफोकमधील मोटार शर्यतींच्या आवाजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले.

आपल्याकडे काय?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तीही सरासरीचीच. तक्त्यात औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र असे रकाने आहेत, शूटिंग रेंजचा वेगळा रकाना नाही. गंमत म्हणजे क्षणिक आवाज कसा मोजायचा हे आपल्या कायद्याला ठाऊक आहे. फटाक्यांसाठी ४ मीटरवर १४५ डेसिबलच्या कमाल शिखराची मर्यादा आहेच.

या नियमांखाली दिवसा तक्रार करायची तर मर्यादा १० डेसिबलने ओलांडलेली हवी, म्हणजे निवासी भागात सरासरी ६५. आपल्या उदाहरणात त्यासाठी तासाला सुमारे ११५० बार लागतील. तेवढे होत नसतील तर सार्वजनिक उपद्रवाचा मार्ग उरतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मात्र त्रास एकट्या घराला नव्हे, वस्तीला होतो हे दाखवावे लागते.